प्रोटीन बार घ्यावा, पण पाकीट उलटून वाचल्यावर

डिसेंबर 2021 मध्ये कर्नाटक सरकारनं बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयपूर या सात जिल्ह्यांतल्या शाळांत दुपारच्या जेवणासोबत उकडलेलं अंडं द्यायला सुरुवात केली. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं मिळे. या भागातल्या मुलांमधलं कुपोषण आणि रक्तक्षय हे त्यामागचं कारण होतं. काही मठाधीशांनी अंड्याला कडाडून विरोध केला, तरी योजना टिकली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि केळ्याच्या जोडीला शेंगदाण्याच्या चिक्कीचाही पर्याय आला. 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहा दिवस हा खाऊ मिळू लागला. मग 2025 च्या सुरुवातीला शिक्षण खात्यानं चिक्की थांबवली. तिच्यात साखर जास्त आहे आणि ती शाळांत नीट साठवली जात नाही, ही कारणं सांगितली गेली. अंडं आणि केळं तेवढं राहिलं.

हा निर्णय प्रोटीन बार विकत घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्याजोगा आहे. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर असतात हे खरं, पण त्यांची वडी बांधायला गूळ लागतो, आणि गूळ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. तीस ग्रॅमच्या एका चिक्कीत अर्धे शेंगदाणे आणि अर्धा गूळ धरला, तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि बारा-तेरा ग्रॅम साखर पोटात जाते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि साखर जवळजवळ नसते. ‘पौष्टिक’ हा शब्द दोघांनाही लावता येतो. फरक कळतो तो आकडे मांडल्यावर.

आज बीदर, भालकी, हुमनाबाद, आळंद किंवा कलबुर्गीत औषधाच्या दुकानात, जिमच्या काउंटरवर आणि मोबाइलवरून घरपोच मिळणारे प्रोटीन बार हे घडणीनं चिक्कीचेच भाऊबंद आहेत. काहीतरी प्रथिनयुक्त, ते बांधून ठेवणारं काहीतरी गोड आणि वरून चॉकलेटचा थर. त्यांच्यात उत्तम माल आहे आणि निव्वळ मिठाईही आहे, आणि पुढून पाहिलं तर दोन्हींची पाकिटं सारखीच झळकतात.

मुळात अशा वडीचा जन्म प्रथिनांसाठी झालेलाच नव्हता. ब्रायन मॅक्सवेल या कॅनडाच्या मॅरेथॉन धावपटूनं 1986 मध्ये कॅलिफोर्नियात ‘पॉवरबार’ बाजारात आणला, तो लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात संपणाऱ्या ताकदीवर उपाय म्हणून. त्यात भर होता तो पटकन पचणाऱ्या पिष्टमय पदार्थांवर आणि साखरेवर. धावणाऱ्याला ती हवीच असते. पुढं व्यायामशाळांतल्या गिऱ्हाइकांसाठी प्रथिनांचे बार आले, नंतर ओट्स आणि सुक्यामेव्याचे ग्रॅनोला बार आले, आणि आता तिन्ही प्रकार एकाच फळीवर बसतात. भारतात ‘राइटबाइट मॅक्स प्रोटीन’, बंगळुरूचा ‘योगा बार’, मुंबईचा ‘द होल ट्रूथ’ अशी नावं रुळली आहेत. योगा बारच्या कंपनीत आयटीसीनं 2023 मध्ये भांडवल घातलं आणि राइटबाइटची कंपनी 2024 मध्ये झायडस वेलनेसनं विकत घेतली. मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या याचा अर्थ हा माल आता तालुक्याच्या गावापर्यंत येत राहणार. तेव्हा तो पारखायला शिकणं भाग आहे.

त्याआधी एक साधा हिशेब. हैदराबादच्या तारनाका भागातल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागं रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. पासष्ट किलोच्या पुरुषाला सुमारे 54 ग्रॅम, पंचावन्न किलोच्या स्त्रीला सुमारे 46. नेमानं कसून व्यायाम करणाऱ्याची गरज वाढते. क्रीडापोषणाचे अभ्यासक त्यांच्यासाठी किलोमागं 1.4 ते 2 ग्रॅम हा पल्ला सांगतात. अग्निवीर भरतीच्या 1.6 किलोमीटर धावेसाठी पहाटे मैदानावर उतरणारा साठ किलोचा मुलगा किमान 84 ग्रॅमच्या घरात जातो.

आता या भागातलं ताट पाहू. दिवसभरात अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी झाल्या तर त्यातून 25 ग्रॅम प्रथिनं येतात. साठ ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून 13, मूठभर शेंगदाण्याच्या चटणीतून 7, पाव लिटरभर दूध-दह्यातून आठ-नऊ. बेरीज पन्नासच्या वर जाते. म्हणजे ज्याच्या ताटात भाकरीसोबत वरण, दही आणि चटणी खरोखर पुरेशी पडते, त्या साध्या कामकरी माणसाची गरज घरच्या जेवणातच भागते. अडचण येते ती वरण पातळ झालं, दूध सगळं डेअरीला गेलं आणि भाकरीचीच जागा वाढली की. ज्वारीतली प्रथिनं शिजवल्यावर पचायला जरा जड होतात आणि तिच्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. तुरीत ते भरपूर असतं. भाकरीला डाळीची जोड हवी ती याचसाठी.

आणि डाळ इथली आहे. कलबुर्गी जिल्हा कर्नाटकाचं तुरीचं कोठार म्हणून ओळखला जातो. चुनखडीच्या थरावरच्या काळ्या रानात पिकणाऱ्या इथल्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बीदरच्या शिवारात सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद निघतो. वेळा अमावस्येला शेतात मांडव घालून जी भज्जी केली जाते, तिच्यात ओली तूर, हरभरा, वाल, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या, ताक आणि बेसन एकत्र शिजतं. सोबत उंडे आणि आंबील. प्रथिनांच्या दृष्टीनं इतकं भक्कम जेवण कुठल्याही कारखान्याच्या वडीत बसवता येणार नाही. ते वर्षातून एकदाच शिजतं, ही मात्र हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

मग बार कोणी घ्यावा? ज्याला दोन जेवणांमध्ये पाच-सहा तासांचं अंतर पडतं आणि मध्ये चहा-खारी, मिरची भजी किंवा नुसत्या चुरमुऱ्यांशिवाय दुसरं काही हाताशी नसतं, त्यानं. बीदर-कलबुर्गी रेल्वेनं रोज ये-जा करणारी नोकरदार बाई, रात्रपाळीची नर्स, व्यायाम उरकून थेट कामावर जाणारा तरुण, प्रवासात असलेला खेळाडू. यांच्यासाठी पिशवीत पडून राहणारी, हात न माखता खाता येणारी वडी सोयीची असते. बार ही सोय आहे आणि त्याचे जास्तीचे पैसे त्या सोयीचे आहेत, एवढं धरून चाललं की निवड सोपी होते.

निवड पाकिटाच्या मागच्या बाजूला करायची. तिथला मजकूर बहुतेक वेळा बारीक इंग्रजीत असतो, कारण कायद्यानं इंग्रजी किंवा देवनागरी हिंदी एवढंच बंधन आहे. मराठी-कन्नड वाचणाऱ्या घरात हा मजकूर वाचलाच जात नाही. म्हणून त्यातले मोजकेच शब्द ओळखायला शिकावेत. घरातल्या शाळकरी मुलाला ते वाचायला सांगितलं तर त्याचंही शिक्षण होतं.

‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ या तक्त्यात दोन रकाने असतात. एक दर शंभर ग्रॅमचा, दुसरा एका वेळच्या वाट्याचा, म्हणजे ‘पर सर्व्ह’. बारचं वजन तीस ग्रॅमपासून सत्तर ग्रॅमपर्यंत काहीही असू शकतं. शंभर ग्रॅमचा आकडा पाहून खूश झालेला माणूस प्रत्यक्षात चाळीस ग्रॅमची वडी खात असतो. तेव्हा आधी वजन पाहावं, मग एका वडीत प्रथिनं किती, उष्मांक किती, साखर किती.

या तीन आकड्यांतून एक उपयोगी कसोटी निघते. वडीचे उष्मांक, म्हणजे ‘एनर्जी’पुढचा किलोकॅलरीचा आकडा घ्यावा आणि त्याला प्रथिनांच्या ग्रॅमनी भागावं. उत्तर जितकं लहान, तितका तो पदार्थ प्रथिनांच्या कामाचा. अंड्याचं उत्तर 12 च्या आसपास येतं, तूरडाळीचं 15, फुटाण्यांचं 18, शेंगदाण्यांचं 22. वर सांगितलेल्या गुळाच्या चिक्कीचं 40 होतं. आता दोन पाकिटं कल्पून पाहू. पहिलं साठ ग्रॅमचं, उष्मांक 240, प्रथिनं 20. उत्तर 12. दुसरं चाळीस ग्रॅमचं, उष्मांक 170, प्रथिनं 5. उत्तर 34. दोन्हींवर पुढं ‘प्रोटीन’ असं ठळक लिहिलेलं असू शकतं. साधारणपणे 15 च्या आत असेल तर तो खरा प्रोटीन बार समजावा. 15 ते 25 म्हणजे बरा पौष्टिक खाऊ. तिशीच्या पुढं गेला की ती मिठाई आहे. मिठाई म्हणून खायला हरकत नाही, पण व्यायामाच्या नावाखाली तिचे दुप्पट पैसे मोजू नयेत.

ठळक अक्षरांवर भरवसा का ठेवता येत नाही, याचं कारण नियमातच आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या 2018 च्या नियमांनुसार घन पदार्थावर ‘हाय प्रोटीन’ किंवा ‘प्रोटीन रिच’ लिहायला दर शंभर ग्रॅममागं रोजच्या शिफारशीच्या 20 टक्के प्रथिनं असली की पुरतं. 54 ग्रॅमचे 20 टक्के म्हणजे अकरा ग्रॅमच्या आत-बाहेर. साध्या ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम असतात! इतक्या खालच्या उंबरठ्यावर ‘हाय प्रोटीन’ची पाटी लावता येते. त्याच नियमांतली साखरेची व्याख्या मात्र बरीच कडक आहे. ‘लो शुगर’ म्हणायचं तर शंभर ग्रॅममागं साखर पाच ग्रॅमच्या वर जाता कामा नये. म्हणून ‘लो शुगर’ हे शब्द दिसले तर त्यांना वजन द्यावं. ‘हाय प्रोटीन’ दिसलं तर भागाकार करावा.

तक्त्यानंतर ‘इन्ग्रेडियंट्स’, म्हणजे घटकांची यादी. तिचा क्रम वजनाचा असतो. ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी. पहिल्या तीन नावांतच वडीचा स्वभाव कळतो. पहिलं नाव व्हे प्रोटीन, मिल्क प्रोटीन, सोया प्रोटीन आयसोलेट, वाटाण्याचं प्रथिन, शेंगदाणे किंवा बदाम असेल तर ठीक. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, मध यांपैकी कोणी पहिलं असेल तर पाकीट परत फळीवर ठेवावं. कधी कधी साखर तीन-चार नावांनी विभागून लिहिलेली असते. त्यामुळं प्रत्येकीचं वजन कमी दिसतं आणि ती यादीत खाली सरकते. माल्टोडेक्स्ट्रिनचं तर आणखीच वेगळं. ते साखरेच्या रकान्यात येत नाही, पण रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतं. मधुमेह असलेल्यांनी हा एक शब्द पाठच करावा.

खजुराबद्दल गैरसमज फार आहे. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या पुष्कळ वड्या खजुरानं बांधलेल्या असतात. खजूर साखरेपेक्षा चांगला, त्यात तंतू आणि पोटॅशियम आहे, पण त्याच्या वजनाचा साठ-सत्तर टक्के भाग साखरच असते. वरून साखर घातलेली नाही हे खरं असतं. साखर नाही हे खरं नसतं. ‘टोटल शुगर्स’ हा रकाना पाहिला की दोन्ही कळतं. जागतिक आरोग्य संघटना मधासकट सगळी मोकळी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. दिवसातून तीनदा गोड चहा पिणाऱ्या माणसानं तेरा ग्रॅम साखरेची वडी घेतली, तर जेवणाआधीच ती मर्यादा संपते.

साखर नसेल तर गोडवा कुठून येतो, हेही पाहावं. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, एरिथ्रिटॉल ही नावं दिसतील. यांना पॉलिओल म्हणतात. दात किडत नाहीत, उष्मांक कमी, पण जास्त झाले की पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. माल्टिटॉलचा त्रास जास्त, एरिथ्रिटॉलचा कमी. चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन हे तंतूंचा आकडा वाढवायला घातलं जातं, त्यानंही नवख्या पोटात वायू धरतो. शर्यतीच्या किंवा भरतीच्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच असा बार खाणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवणं. जे काही खायचं ते सरावाच्या दिवसांत खाऊन पाहिलेलं असावं. सुक्रालोजसारख्या कृत्रिम गोडीच्या पाकिटांवर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ अशी सूचना पुष्कळदा असते, ती पाळावी. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा आधार घेऊ नये, असं मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये केलं आहे.

प्रथिनांचा आकडा खोटाही असू शकतो का? असू शकतो. पदार्थातली प्रथिनं मोजायची रूढ पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं 1883 मध्ये शोधली. तिच्यात नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 नं गुणतात. नायट्रोजन प्रथिनांतूनच आलाय की दुसऱ्या कशातून, हे त्या पद्धतीला कळत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हाच आकडा फुगवला गेला आणि हजारो तान्ह्या मुलांची मूत्रपिंडं बाधित झाली. प्रथिनांच्या पावडरीत ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं घालून आकडा वाढवण्याचे प्रकार जगभर आढळले आहेत. केरळमधल्या डॉक्टरांच्या गटानं भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन पूरकांची तपासणी करून 2024 मध्ये निष्कर्ष छापले. सत्तर टक्क्यांच्या जवळपास उत्पादनांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. ती तपासणी पावडरींची होती, बारची नव्हे. पण बार त्याच पावडरींपासून बनतात. म्हणून ज्या कंपन्या बाहेरच्या प्रयोगशाळेचे अहवाल खुले करतात किंवा सगळे घटक पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापतात, त्यांना पसंती द्यावी. चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक नसलेला, जिममधल्या कुणीतरी ‘परदेशी माल’ म्हणून हातात दिलेला बार घेऊच नये.

या भागात शाकाहार पाळणारी लिंगायत, जैन आणि वारकरी घरं पुष्कळ. त्यांच्यासाठी हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका पाहणं हे पहिलं काम. मांसाहारी पदार्थावर आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. कोलॅजन किंवा जिलेटिन हे शब्द दिसले तर ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून आलेलं असतं. शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळं मांसाहारी माणसालाही स्नायूंच्या दृष्टीनं ते कमी उपयोगाचं. दूध न पचणाऱ्यांनी व्हे कॉन्सन्ट्रेट टाळून सोया किंवा वाटाण्याचं प्रथिन पाहावं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यानं ‘कन्टेन्स’ आणि ‘मे कन्टेन’ या ओळी वाचल्याशिवाय पाकीट फोडूही नये.

किमतीचा हिशेबही असाच मांडावा. वीस ग्रॅम प्रथिनांची वडी एकशेवीस रुपयांना पडली, तर एका ग्रॅमला सहा रुपये. फुटाणे किलोला 180 रुपये धरले तर शंभर ग्रॅमला अठरा रुपये आणि वीस ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला नव्वद पैसे. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. भरतीची तयारी करणाऱ्या मुलानं रोज एक बार म्हणून महिन्याला साडेतीन हजार घालवण्यापेक्षा दोन अंडी, वाटीभर फुटाणे आणि पेलाभर दूध घ्यावं. त्यातून 28 ग्रॅमच्या आसपास जास्तीची प्रथिनं मिळतात आणि त्याचा 84 चा आकडा घरच्या जेवणासह जवळजवळ पुरा होतो. अंडं चालत नसेल तर सोयाबीनच्या वड्यांची, म्हणजे सोया चंक्सची भाजी आहे. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. व्यायाम संपल्या संपल्या अर्ध्या तासात प्रथिनं घेतली नाहीत तर मेहनत वाया जाते, ही जिममधली भीतीही निराधार आहे. दिवसभरात एकूण किती मिळाली आणि ती तीन-चार वेळांत विभागली का, याला जास्त महत्त्व आहे.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीत पारा 42-43 अंशांवर जातो. पत्र्याच्या दुकानात, कुरिअरच्या गाडीत, दुचाकीच्या डिकीत चॉकलेटचा थर वितळतो आणि पुन्हा थंड झाल्यावर त्यावर पांढरट बुरशीसारखा पापुद्रा दिसतो. तो चरबीचा असतो, अपायकारक नाही, पण माल तापला होता याची ती खूण आहे. जुने बार दगडासारखे कडक होतात. प्रथिनं हळूहळू ओलावा ओढून घेतात आणि एकमेकांना धरून बसतात. म्हणून उन्हाळ्यात चॉकलेटच्या थराचे बार घेऊ नयेत, खोकी मागवू नयेत, आणि ‘बेस्ट बिफोर’ची तारीख जवळ आली म्हणून निम्म्या किमतीत मिळतोय तो साठा तर नकोच. शेंगदाण्याच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरली की त्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं आणि ते भाजण्यानं पुरतं जात नाही. खवट, कडवट, सुरकुतलेला दाणा बारमध्ये असो की चटणीत, तो थुंकून टाकावा.

कर्नाटकाला या कामाची जुनी परंपरा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं स्थापनेनंतर लवकरच, 1950 च्या दशकात, तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ आणि भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ तीनास एक या प्रमाणात मिसळून त्यात जीवनसत्त्वं घातलेलं ‘इंडियन मल्टिपर्पज फूड’ तयार केलं होतं. त्यात चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं होती. शेंगदाणा आणि हरभरा, दोन्ही आपल्याच रानातले. त्याच जोडीवर घरीही वडी करता येते.

दीडशे ग्रॅम डाळं मिक्सरमधून बारीक दळून घ्यावं. शंभर ग्रॅम शेंगदाणे खमंग भाजून, सोलून, त्यांचं भरड कूट करावं. तीस ग्रॅम तीळ कोरडेच भाजावेत. शंभर ते एकशेवीस ग्रॅम बिया काढलेला खजूर दोन-तीन चमचे गरम पाण्यात मऊ करून वाटावा. हे सगळं पन्नास ग्रॅम साय काढलेल्या दुधाच्या पावडरीसह मळावं, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा घालावा, ताटलीत थापून दहा वड्या पाडाव्यात. एका वडीत आठ ग्रॅम प्रथिनं, 180 च्या आसपास उष्मांक आणि दहा ग्रॅम साखर येते. वरची कसोटी लावली तर उत्तर बावीस-तेवीस. म्हणजे हा खरा प्रोटीन बार नव्हे, बरा पौष्टिक खाऊ आहे, आणि तो तसाच समजून खावा. खजूर ऐंशी ग्रॅमवर आणला आणि दुधाची पावडर शंभरावर नेली, तर आकडा वीसच्या खाली उतरतो. वडी मग जरा कोरडी होते, घास सोबतच्या ताकानं उतरवावा लागतो. तीळ आवडत नसतील तर कारळं किंवा जवस चालतं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कुठलाही प्रोटीन बार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, घरचा असला तरी. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा कडक वडी देऊ नये, घशात अडकते. त्यांच्यासाठी हेच मिश्रण दुधात कालवून द्यावं. दात नसलेल्या आजी-आजोबांनाही तसंच. वय झाल्यावर स्नायू झिजतात आणि प्रथिनांची गरज तरुणापेक्षा कमी होत नाही, उलट वाढते, आणि घराघरांत सगळ्यात पातळ वरण त्यांच्याच वाटीत पडतं. वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात उन्हाळ्यात तीन-चार दिवस आणि हिवाळ्यात आठवडाभर टिकतात. पाण्याचा हात लागला असेल तर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पावसाळ्यात एका वेळी निम्म्याच कराव्यात.